तिसऱ्या दिवसाची वाट

अंबाजोगाईत मी राहायला आले ती दोन पिशव्या, एक चटई आणि दवाखान्याच्या कागदांची फाइल घेऊन. आमची वस्ती शिरूर कासारच्या पलीकडं, डोंगराच्या कडेला. तिथून आधी बीड, बीडहून दुसरी गाडी, असा अर्धा दिवस जातो. याहून लांब मी कितीदा गेले होते. दर साली दसरा झाला की आम्ही ऊस तोडायला पार कारखान्यांच्या मुलखात जायचो. पण तिकडं जाताना सगळी वस्तीच बरोबर असते. चूल, कोंबड्या, शेळी, भांडणं, सगळं ट्रॉलीत बसून येतं. इथं मी एकटी होते. म्हणून अंबाजोगाई मला जास्त लांब वाटली.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की माझ्या दोन्ही नळ्या बंद आहेत. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, गर्भ बाहेर तयार करायचा आणि मग आत ठेवायचा. त्यातलं निम्मंही मला कळलं नाही. मी शाळेत पाचवीपर्यंत गेले, त्यातही निम्मं साल आई-बापाबरोबर उसाच्या फडात असायची. पण मॅडम बोलताना कागदावर चित्र काढायच्या, ते मला आवडायचं. त्या म्हणाल्या, "गर्भ ठेवल्यावर अडीच-तीन महिने औषधं चालतील. गाव लांब आहे, एसटीचे धक्के नकोत. इथंच कुठं तरी राहा."

मालक सोबत राहू शकत नव्हते. सीझन सुरू होता. आमच्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्या साली मालक अर्धा कोयता होऊन गेले. जाताना मला म्हणाले, "इथं कुणाशी भांडू नको. आन मॅडम जे म्हणतील ते ऐक." पहिलं मी ऐकलं.

दवाखान्यातल्या आयाबाईनं मला खोली बघून दिली. घरमालकीण साठीच्या पुढची, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले. एकटीच राहायची. सकाळी तिच्या घरातून बुद्धवंदनेचा आवाज यायचा. तो संपला की पाचव्या मिनिटाला माझ्या दारावर थाप, आणि हातात चहाचा कप. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "सिस्टर, तुमी कावून त्रास घेता? मी करते की चहा."

"तुझा चहा मी पेलाय काल. म्हणूनच आणलाय."

गर्भ आत ठेवला तो दिवस मला वाटला होता तितका मोठा निघाला नाही. दुखलं नाही, खुपलं नाही. पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला आणि मॅडम म्हणाल्या, "हा बघा, गेला आत." मग त्यांनी औषधं समजावली. एक बारकी गोळी, दिवसातून दोनदा तोंडानं घ्यायची. आणि एक मऊ, मोत्यासारखी कॅप्सूल, दिवसातून तीनदा, सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहाला, आतून ठेवायची. आतून म्हणजे कुठून, हे कळल्यावर मी पदर तोंडात धरला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आधाराचं औषध आहे. एकही वेळ चुकवायची नाही. चौदा दिवसांनी रक्त तपासू."

सिस्टरनं मला एक स्टीलचा डबा दिला. "रिकामं पाकीट फेकायचं न्हाई. ह्या डब्यात टाकायचं. मी मोजणार."

"मी घेईन की सिस्टर, बरोबर घेईन."

"सगळे तसंच म्हणतेत. क्षयाच्या पेशंटला मी कैक वर्षं समोर बसवून गोळ्या दिल्यात. 'घेतली सिस्टर, घेतली', आन गोळी जिभेखाली!"

कॅप्सूल ठेवल्यावर अर्धा तास पडून राहायचं होतं. दिवसा आडवं पडायची मला सवय नव्हती. दुपारी दोनला, भर उजेडात, काही काम न करता पडायचं म्हणजे मला चोरी केल्यासारखं वाटायचं. बाहेर कुणाच्या चपला वाजल्या की मी दचकून उठून बसायची. मग सिस्टर खिडकीतून ओरडायची, "पड! कोण येत न्हाई तुला कामावर घ्यायला."

असे दहा दिवस नीट गेले. मला काही होत नव्हतं, एवढंच. मळमळ नाही, चक्कर नाही. छाती थोडी दुखायची, पण मॅडम म्हणाल्या होत्या की ते औषधानंही होतं. मग होतं ते औषधाचं की पोटाचं, हे कसं ओळखायचं? मी दिवसातून दहादा पोटावर हात ठेवायची. काही कळायचं नाही.

अकराव्या दिवशी, बुधवारी दुपारी, थोरल्या जावेचा फोन आला. ती तिकडं फडात होती, भाकरीची सुट्टी झाली होती. मागं बायकांचा गलका आणि कुणाच्या तरी लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

"काय म्हणतंय गं पोट?"

"काय म्हणणार? गप हाय."

"गपच बरं असतंय. औषधं काय काय द्यायलेत?"

मी तिला सांगितलं. कॅप्सूल कुठं ठेवायची ते सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "आन ती करती काय?"

"आधार देती म्हणे. पाळी येऊ देत न्हाई."

"आगं मग ही आपलीच की! तोडीवरची!"

तोडीवरची गोळी आमच्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. पाळी आली की कामाला खाडा पडतो, आणि खाडा कुणालाच परवडत नाही. फडात आडोसा नसतो, पाणी नसतं. म्हणून बायका पाळी पुढं ढकलायची गोळी घेतात. मीही सात-आठ सीझन घेतली. दुकानातून पाकीट आणायचं, डॉक्टरला विचारायचं नाही. गोळी चालू आहे तोवर पाळी येत नाही, गोळी सोडली की तिसऱ्या दिवशी येते. कधी दुसऱ्या, कधी चौथ्या, पण शक्यतो तिसऱ्या. हे आम्हाला शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ.

जाऊ पुढं म्हणाली, "मग पाळी आली न्हाई म्हंजे पोट राह्यलं, असं कसं म्हणायचं? गोळीनं बी येत न्हाई. मी एका साली दीड महिना येऊ दिली नव्हती. मला काय जुळे झाले का?"

मी हसले. तीही हसली. मग एकदम तिचा आवाज बदलला. "न्हाई गं, मी आपली आडाणी. तू मॅडमलाच विचार. तुझी पिशवी तरी शाबूत हाय, बाई. नीट राह्य." तिची पिशवी तिशीच्या आतच काढून टाकली होती. दोन लेकरं झाली होती, आता काय उपयोग, असं म्हणून. माझ्यावर तिचा जीव होता. तिच्या मनात वाईट असतं तर मला ते बोलणं इतकं लागलंच नसतं.

मी मॅडमला विचारलं नाही. त्या इतकं करत होत्या, आणि मी त्यांच्या औषधावर शंका घेते असं त्यांना वाटलं तर? सिस्टरलाही विचारलं नाही. पण डोक्यातून ते जाईना. पोट राहिलं आहे, की पोट रिकामंच आहे आणि गोळीनं नुसती पाळी अडवून धरली आहे? तपासणीला तीनच दिवस उरले होते. तेवढं थांबायला काय झालं होतं, असं मी स्वतःला नंतर किती वेळा विचारलं. पण तेव्हा वाटायचं, गोळी अंगात असताना रक्त काढलं तर ते रक्तही खोटंच बोलेल. आणि खरं काय ते कळायचा एकच रस्ता मला माहीत होता. गोळी सोडायची आणि तिसऱ्या दिवसाची वाट बघायची. पाळी आली तर पोट नव्हतंच. नाही आली तर आहे.

गुरुवारी सकाळी सहाला मी पाकीट फोडलं, कॅप्सूल पदराच्या गाठीत बांधली आणि रिकामं पाकीट डब्यात टाकलं. दुपारी तसंच, रात्री तसंच. शुक्रवारी तीन वेळा तसंच. तोंडानं घ्यायची बारकी गोळी मात्र मी घेत राहिले. लुगडं बदललं की गाठही बदलायची. दुपारी मी पडून राहायची ती मात्र रोजच्यासारखी, सिस्टरला कळू नये म्हणून. आणि पडल्या पडल्या पहिल्यांदाच मला निवांत वाटलं. आता कळेल, असं वाटलं.

शनिवारी सकाळी मोरीत गेले तेव्हा कापडावर तपकिरी डाग होता. रुपयाएवढा.

मी तिथंच खाली बसले. पहिला विचार आला तो असा, की झालं, पोट नव्हतंच. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, की होतं, आणि तू घालवलंस. या दोन विचारांमध्ये किती वेळ गेला, सांगता येणार नाही. वंदना संपलेली मला कळली नाही. दारावर थाप पडली, परत पडली.

"अगं, आज कडी कावून काढली न्हाई? चहा गार व्हायलाय."

मी दार उघडलं. पदराची गाठ सोडून तिच्यापुढं धरली. सहा कॅप्सूल अंगाच्या उबेनं मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांचा एक गोळा झाला होता.

सिस्टरनं कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"गुरुवारच्या सकाळपासून."

"आन रक्त?"

"आत्ता."

"लाल का तपकिरी?"

"तपकिरी. थोडं."

"तुला कोणी डाक्टर केलं गं?" ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून तिचा आवाज खाली आला. "मी शहाणी पाकिटं मोजत बसले. अक्कल माझीच गेलती. चल, चप्पल घाल."

रिक्षात तिनं माझा हात धरला होता. मी म्हणत होते, "सिस्टर, मॅडम मला हाकलून देतील." ती म्हणाली, "देऊ दे. मी परत आत ढकलते."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. जावेचं बोलणं, तोडीवरची गोळी, तिसरा दिवस, सगळं. मी रडत रडत सांगत होते आणि त्या मध्ये एकदाही तुटून पडल्या नाहीत. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाल्या, "किती वर्षं घेतली ती गोळी?"

"सात-आठ सीझन. त्यानंच नळ्या बंद झाल्या का मॅडम?"

"नाही. त्या बंद झाल्या जंतूंच्या त्रासानं. ते मनातून काढून टाका. पण तुम्हाला ही गोळी त्या गोळीसारखी वाटेल, हे आमच्या ध्यानात यायला पाहिजे होतं. विचारलं नाही, हे आमचंही चुकलं."

मग त्यांनी पुन्हा कागद घेतला. एक पिशवी काढली आणि पिशवीच्या आत जाड अस्तर काढलं. "ही गर्भाची गादी. ही गादी पडते तेव्हा पाळी येते. इतर बाईच्या अंगात ती गादी टिकवणारं औषध आपोआप तयार होतं. तुमच्या ह्या उपचारात ते सध्या तयार होत नाही, म्हणून आपण बाहेरून देतो. गोळी पाळी अडवते, हे तुमचं खरं आहे. पण गर्भ गादीवर बसलेला असताना गोळी सोडली तर गादी सुटते, आणि वर बसलेलाही जातो. म्हणजे सोडून बघण्यात खरं काय ते कळत नाही. असलेलं जाऊ शकतं, एवढंच."

"मग गेलं का?"

"ते मला आत्ता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला त्यांचा जास्त भरवसा वाटला.

तिथल्या तिथं कॅप्सूल सुरू झाली, वर कमरेत तेलाचं इंजेक्शन दिलं, आणि चौदावा दिवस होताच म्हणून रक्तही काढलं. दुपारी निकाल आला. मॅडम म्हणाल्या, "आकडा आला आहे. म्हणजे गर्भ धरलाय. पण आकडा लहान आहे. सोमवारी परत बघू. दुप्पट झाला तर चांगलं."

मी विचारलं, "हा आकडा गोळीनं तर आला न्हाई?"

"नाही. हे जे आम्ही मोजतो ते फक्त गर्भ तयार करतो. गोळीला ते जमत नाही."

धरला होता. मी गुरुवारी गाठ बांधत होते तेव्हा तो आत होता. हे कळल्यावर आनंद व्हायला पाहिजे होता. मी पदराचं रिकामं टोक चाचपत राहिले.

रविवार कसा गेला ते मला नीट आठवत नाही. सिस्टर मात्र आठवते. तिनं पाकिटं मोजणं सोडून दिलं. सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला माझ्या खोलीत येऊन ती खुर्चीवर भिंतीकडं तोंड करून बसायची. "ठेव. मी बघत न्हाई. पण मी हाय." मग अर्धा तास त्या भिंतीशीच गप्पा मारायची, तिच्या पहिल्या बदलीच्या, वडवणीकडच्या एका उपकेंद्रातल्या विंचवाच्या, पुण्याला राहणाऱ्या लेकाच्या. दुपारी मी तिला म्हणाले, "तुमचे उपकार कसे फेडू सिस्टर?" ती भिंतीला म्हणाली, "हिला सांगा, उपकार नको, पाय वर करून पड."

सोमवारी आकडा दुपटीहून जास्त झाला होता. डागही थांबला होता.

संध्याकाळी मालकांना फोन केला. सगळं सांगितलं, गाठ बांधलेलीसुद्धा. रागावतील म्हणून मी फोन कानापासून जरा लांब धरला होता. पलीकडं बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. मग ते म्हणाले, "जेवलीस का?" मी म्हणाले, जेवले. "काय जेवलीस?" मी सांगितलं, भाकरी आणि मेथी. "बरं," ते म्हणाले, आणि परत वारा. शेवटी माझ्याच लक्षात आलं की त्यांना बोलता येत नाही.

जाऊ दुसऱ्या दिवशी फोनवर ढसाढसा रडली. "माझी जीभ झडो," म्हणाली. मी तिला सांगितलं, जीभ राहू दे, तोडीवरच्या बायकांना एवढं सांग की ती गोळी वेगळी आणि ही वेगळी. ती म्हणाली, "सांगते. आन जुळ्याचं बोलले ते बी माघारी घेते." मग नाक ओढून म्हणाली, "न्हाई तर राहू दे, एखांदं खरं बी व्हायचं."

पुढं रोज इंजेक्शन. तेलाचं औषध दाट असतं, ते थंड दिलं तर गाठ येते. सिस्टर बाटली मुठीत धरून बसायची, बाटलीला आपली ऊब द्यायची. एक दिवस उजवी बाजू, एक दिवस डावी. तरी गाठी आल्याच. मग तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून ती शेकायची आणि म्हणायची, "सरकारी नोकरीत इतकं प्रेमानं मी कुणालाच टोचलं न्हाई." सातव्या आठवड्यात पडद्यावर ठोका दिसला. बारीक, लुकलुक करणारा. सिस्टर माझ्यासोबत आत आली होती. जन्मभर तिनं किती बाळंतपणं केली असतील. पण ती चष्मा पुसायला लागली.

बारावा आठवडा आला आणि मॅडम म्हणाल्या, "आता औषध कमी करायचं. आठवडाभर दोनदा, मग आठवडाभर एकदा, मग बंद. इंजेक्शन आजपासूनच बंद."

मी म्हणाले, "मॅडम, राहू द्या की अजून महिनाभर."

"गरज नाही. आता बाळाची वार तयार झाली आहे. जे औषध आपण बाहेरून देत होतो ते आता ती स्वतः करते."

"पण सोडली की तिसऱ्या दिवशी..."

"मला माहीत आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "पण ह्या वेळी नाही."

घरी येऊन मी कॅप्सूल मोजल्या आणि जास्तीच्या चार गादीखाली ठेवल्या. बंद करायच्या दिवसानंतरही चोरून एकेक ठेवावी, असं मनात होतं. जिनं दोन दिवस चोरून सोडली होती तीच आता चोरून घ्यायला निघाली होती. शेवटची कॅप्सूल झाली त्या सकाळी सिस्टर दारात उभी राहिली आणि तिनं हात पुढं केला.

"आण."

"काय?"

"जे गादीखाली हाय ते. तीस वर्षं नर्स होते मी."

मी चारही तिच्या हातावर ठेवल्या. बोटं सुटता सुटेनात.

मग सुरू झाली ती तीच वाट, जी मी जन्मभर बघत आले होते. पहिला दिवस. दुसरा दिवस. मी मोरीत जायची आणि कापडाकडं बघायच्या आधी डोळे मिटायची. पाडवा जवळ आला होता, तिकडं पट्टा पडत आला होता, म्हणजे कारखाना बंद व्हायला आला होता, आणि मालक आठवड्याभरात येणार होते. ते येतील तेव्हा मी त्यांना काय सांगणार, हे या तीन दिवसांवर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कापड कोरं होतं. दुपारीही कोरं. मी जावेला फोन केला. "तिसरा दिवस हाय," एवढंच म्हणाले. तिला सगळं कळलं. फडातला गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, "चौथा होऊ दे. मग मी लाडू वळते."

चौथाही कोरा गेला.

पाचव्या दिवशी वंदना चालू असतानाच मी उठले, मोरीत जाऊन आले आणि दाराची कडी आपणहून काढून उंबऱ्यात बसले. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली. आज तिच्या हातात कप नव्हता. माझ्याकडं बघून ती अंगणातच थांबली. "आज बी कोरं," मी म्हणाले.

"मग आता ठेवते चहा," ती म्हणाली.